तागडीवाल्या मॅडम

यवतमाळच्या ऑफिसात रुजू व्हायला गेलो, त्या दिवशी मॅडमनी माझ्याआधी माझ्या बॅगेकडे पाहिलं. खुर्चीतून उठल्या, बॅगेचा पट्टा धरून ती चार बोटं वर उचलली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सहा किलो. वर थोडं असन." मग पर्समधून ताणकाटा काढला. आकड्याला वस्तू अडकवून लटकवायची, तो स्प्रिंगचा काटा. बॅग त्याला लावून मला दाखवली. सहा किलो दोनशे.

"रोज डाव्या खांद्यावर घेता तुमी," त्या म्हणाल्या. "खांदा उतरला आहे तिकडचा. बदलत जा, भाऊ."

मी परीक्षा देऊन सीमाशुल्क खात्यात थेट निरीक्षक झालो होतो. ढाणकीला आमचं धान्याचं दुकान, म्हणजे जन्मल्यापासून वजनकाट्यासमोर बसलेला माणूस मी. पण हाताने उचलून पन्नास-शंभर ग्रॅमच्या आत वजन सांगणारं माणूस मी आमच्या बाजारातही पाहिलं नव्हतं. पुढे कळलं, की ऑफिसात, बाजारात आणि थेट नागपूरच्या मुख्य कार्यालयातही त्यांना मागून 'तागडीवाल्या मॅडम' म्हणतात. त्यांनाही ते ठाऊक होतं. राग नव्हता.

त्या अधीक्षक होत्या. कारकून म्हणून लागल्या आणि खात्याच्या परीक्षा देत देत वर आल्या. माहेर बंजारा तांड्यातलं. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्याला त्यांच्याकडे लदेणी म्हणतात. आजोबांच्या वेळेपर्यंत बैल गेले, शेती आली, पण गोष्टी राहिल्या. आजोबा नातीला सांगायचे, की दोन्हीकडची गोणी सारखी नसली, तर बैल दोन कोसांत पाठ सोलून घेतो, आणि तो बोलत नसल्यामुळे त्याच्या उभं राहण्याकडे बघावं लागतं. मॅडम हे फार साधेपणाने सांगत. मला वाटायचं, म्हाताऱ्याची आठवण आहे, असेल.

कस्टम म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही, सरहद्द नाही. कापूस, तूर, जंगल आणि ऊन. ऑफिसात आम्ही तिघं : मॅडम, मी आणि ड्रायव्हर. अशात नागपूरहून एक पत्र आलं. मोठ्या विमानतळांवर तपासणी कडक झाल्यामुळे नशेचा माल छोट्या विमानांतून, खासगी धावपट्ट्यांवरून फिरवला जातोय. आपापल्या भागातल्या धावपट्ट्यांवर लक्ष ठेवावं. बहुतेक ऑफिसांत ते पत्र फाइलीत गेलं असणार. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "विमान उतरते म्हणजे बंदरच झालं न ते. चला, पाहून येऊ."

घाटंजीच्या वाटेवर एका बंद पडलेल्या कारखान्याची धावपट्टी होती. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी, मध्ये डांबराचा पट्टा, टोकाला पत्र्याची शेड आणि वाऱ्याची दिशा दाखवणारं फाटकं कापड. महिन्यात दोन-तीन विमानं उतरायची. कधी उद्योगपती, कधी पुढारी, कधी हौशी नवरदेव. तिथे ना एक्स-रे, ना कुत्रं. एक रजिस्टर, त्यात वैमानिक वाटेल ते लिहिणार, आणि झरी जामणीकडचा एक वयस्क कोलाम आदिवासी चौकीदार. देशातल्या देशात उडणाऱ्या विमानाशी कस्टमचा एरवी संबंध नसतो, पण नशेच्या मालाच्या कायद्याने आम्हाला झडतीचा अधिकार होता. त्या एका अधिकारावर मॅडमनी ती धावपट्टी आपली मानली.

चौकीदाराला त्या 'साहेब' म्हणत. त्या सगळ्यांनाच साहेब म्हणत. त्याला अक्षरं जेमतेम येत होती, म्हणून त्यांनी त्याला वेगळी वही दिली. माणूस उतरला की उभी रेघ, बॅग उतरली की चौकोन, चढली की चौकोनात फुली. विमान दिसलं की तो फोन करायचा आणि आम्ही निघायचो. ड्रायव्हर वैतागायचा. मीही.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असे. आधी त्या लांब उभ्या राहत, विमान थांबताना कसं थांबतं ते बघत. मग हात मागे बांधून विमानाभोवती तीन फेऱ्या. हात लावायचा नाही, बोलायचं नाही. फेऱ्या झाल्या की वैमानिकाला पहिला प्रश्न : "जेवले का, साहेब?"

मी एकदा विचारलं, हे काहून विचारता म्हणून.

"ज्याले घाई असते तो पटकन हो म्हणते," त्या म्हणाल्या. "ज्याले नसते तो आठवून सांगते."

तपासणी होईपर्यंत तिथला चहाच काय, पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. काही निघालं नाही, तर स्वतःचा थर्मास उघडून समोरच्याला चहा द्यायच्या. "तुमचा वेळ घेतला आमी." थर्मासच्या झाकणातून त्यांचा चहा प्यालेले कारखानदार मी पाहिलेत. बिचारे उभ्याने प्यायचे, कारण मॅडम बसलेल्या नसायच्या.

आणि ही बाई जन्मात विमानात बसली नव्हती. दिल्लीला प्रशिक्षण लागलं, खात्याने तिकीट दिलं, तर त्या रेल्वेने गेल्या. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "मी त्याच्या पोटात शिरून पाह्यलं आहे, भाऊ. आत नुसत्या तारा आणि नळ्या असतात. जमिनीवर आहे तेच बरं."

त्या कधी चुकत नसत असं नाही. एकदा एका नवरदेवाचं विमान त्यांनी दोन तास अडवलं. मुहूर्त टळला, निघालं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्या एकट्या मुलीकडच्या मांडवात गेल्या आणि सगळ्या पाहुण्यांसमोर हात जोडून म्हणाल्या, की चूक माझी होती. मुलीचा बाप अवघडून गेला. पण तक्रार वर गेलीच होती. नागपूरच्या आयुक्तांनी लेखी ताकीद दिली : यापुढे ठोस कारणाशिवाय विमान अडवल्यास कारवाई होईल. ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. "बरोबरच आहे त्यायचं," म्हणाल्या. निवृत्तीला तेव्हा पाचेक वर्षं उरली होती.

त्यानंतर चार महिन्यांनी, थंडीतल्या एका सकाळी, चौकीदाराचा फोन आला. दोन इंजिनांचं विमान उतरतंय.

हे विमान कशासाठी येतंय ते सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. झरी जामणीला डोळ्यांच्या मोफत ऑपरेशनांचं शिबिर होतं. मुंबईहून तीन डॉक्टर आणि सामान घेऊन एका व्यापाऱ्याने स्वतःचं विमान पाठवलं होतं. फुकट. डॉक्टरांना सोडून ते पुढे हैदराबादला जाणार होतं. धावपट्टीवर एक स्थानिक पुढारी हार घेऊन उभे होते, दोन जीप उभ्या होत्या, आणि तिकडे जंगलातल्या गावांमधून आलेली म्हातारी माणसं पहाटेपासून शाळेच्या व्हरांड्यात बसली होती.

मॅडम लांब उभ्या राहिल्या. विमान थांबलं. त्या फेऱ्या घालायला लागल्या आणि दुसऱ्या फेरीत डाव्या चाकाजवळ थांबल्या. एरवी त्या थांबत नसत.

"भाऊ, हे डावीकडं बसलं आहे," त्या हळूच म्हणाल्या.

मला काही दिसेना. मी म्हटलं, "मॅडम, ताकीद आहे आपल्याला. आज नको."

"आज नको म्हून तर आज आलं असन."

त्यांनी नागपूरला फोन लावला. पलीकडून काय सांगितलं ते मला त्यांच्या उत्तरावरून कळलं. त्या म्हणाल्या, "होय साहेब. माझ्याच जबाबदारीवर."

मग त्यांनी जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आधी त्यांनी डॉक्टरांना मोकळं करायचं ठरवलं. शिबिराची खोकी खाली घेतली. मुख्य डॉक्टर बाई संतापल्या होत्या. आतलं सामान निर्जंतुक आहे, एक खोकं उघडलंत तर दहा माणसांचे डोळे राहतील, असं त्यांनी बजावलं. मॅडम म्हणाल्या, "एकबी उघडत नाही, बाई. एकसारखी खोकी वेगळी लावा फक्त." आणि ताणकाटा शेडच्या आडव्या लोखंडी गजाला टांगून त्यांनी चाळीस खोकी एकामागून एक तोलली. एकसारखी खोकी एकसारखीच भरत होती. दोन जड निघाली. डॉक्टर बाईंनी यादी काढली. त्या दोन्हींत औषधाच्या काचेच्या बाटल्या होत्या. त्यांनी स्वतःच ती दोन उघडून दाखवली. तीन डॉक्टरांच्या बॅगा तपासून झाल्या. पाऊण तासात जीप झरी जामणीच्या रस्त्याला लागल्या. जाताना डॉक्टर बाई काच खाली करून म्हणाल्या, "माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये तुमच्यासारखं कुणीतरी हवं होतं."

पुढारी मात्र गेले नाहीत. "मॅडम, चांगल्या कामात आडवं येऊन राह्यल्या तुमी," ते म्हणाले.

"काम तर गेलं न साहेब पुढं," मॅडम म्हणाल्या. "आता फक्त विमान राह्यलं."

विमान आता रिकामं होतं. माणसं उतरली होती, खोकी उतरली होती, आणि मॅडमचं म्हणणं होतं, की तरी ते वाकडंच उभं आहे. चाकाच्या वर चकचकीत पोलादी दांडा असतो, वजन वाढलं की तो आत बसतो. त्यांनी माझ्या हातात पट्टी दिली. मी दोन्हीकडे मोजलं. डावा दांडा एका बोटाने जास्त आत गेला होता. तेव्हा मला पहिल्यांदा ते विमान कललेलं दिसलं, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

वैमानिक तिशीच्या आतला, राजस्थानातला पोरगा. हिंदीत अदबीने म्हणाला, "मॅडम, ज़मीन ढलान पर है."

"असन," मॅडम म्हणाल्या. "फिरवून पाहू."

आम्ही सहा-सात जणांनी मिळून विमान ढकललं आणि तोंड उलटीकडे केलं. जमीन उतरती असती तर आता उजवं चाक बसायला हवं होतं. डावंच बसलेलं होतं.

"बाएँ टैंक में तेल ज़्यादा है," वैमानिक म्हणाला.

विमानातच इंधन मोजायची काडी असते. मॅडमनी त्याच्याच हाताने दोन्ही टाक्या मोजून घेतल्या. दोन्हींत सारखं.

मॅडम त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "साहेब, मी उघडण्याआधी काई सांगायचं असन तर सांगा. तुमी स्वतः सांगतलं असं मी कागदावर लिहीन. तुमच्या कामी येईन."

तो पऱ्हाटीकडे बघत उभा राहिला. ओठ हलले असं मला वाटलं. मग त्याने नकारार्थी मान हलवली.

शेजारच्या वावरात कापूस वेचणारी एक बाई आणि एक ट्रॅक्टरवाला, असे दोन पंच आम्ही बोलावले. मॅडमनी शेडमधल्या दोन खुर्च्या त्यांना दिल्या. पुढारी उभे, आम्ही उभे. इंजिनांच्या मागे, पंखात, सामान ठेवायचे दोन कप्पे होते. दोन्ही उघडले. दोन्ही रिकामे. पुढारी हसले. मॅडमनी इंधनाची काडी उजव्या कप्प्यात उभी टेकवली आणि बोटाने खूण धरली. मग डाव्या कप्प्यात टेकवली. काडी आठ बोटं वर राहिली.

डाव्या कप्प्याचा तळ खोटा होता. पत्रा उचलल्यावर खाली प्लास्टिकची पाकिटं रचलेली दिसली, पांढऱ्या भुकटीची. आमच्याकडच्या तपासणी संचात रंग बदलला. एमडी, म्हणजे मेफेड्रोन. मॅडमनी एक पाकीट हातात घेतलं आणि खाली ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं होतं, त्या आनंदतील. त्या म्हणाल्या, "चौतीस किलो असन सगळं. किती घरं बसली असती याच्यात." संध्याकाळी काट्यावर चौतीस किलो दोनशे भरलं.

पंचनामा त्यांनी हाताने लिहिला आणि पंचांना त्यांच्या बोलीत दोनदा वाचून दाखवला. ती वेचणारी बाई मध्येच म्हणाली, "ते काडीचं पुन्हा सांगा." मॅडमनी पुन्हा सांगितलं. त्या दिवशी थर्मास उघडलाच नाही. वैमानिकाला मात्र त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकर दिली. तो सकाळपासून जेवलेला नव्हता.

खटला तीन वर्षं चालला. विमान पाठवणारा व्यापारी आठ महिन्यांत सापडला. फोनच्या नोंदींवरून नागपूरच्या लोकांनी त्याला गाठलं. त्याने मोठा वकील दिला. वकिलाने मॅडमना विचारलं, "तुम्ही इंजिनीयर आहात?"

"नाही."

"मग विमान कललंय हे कोणत्या शास्त्राने ठरवलं?"

"डोळ्यानं पाह्यलं. मग पट्टीनं मोजलं. मग फिरवून पाह्यलं."

वकील पंचांवर घसरला. एक पंच, तो ट्रॅक्टरवाला, आधीच फिरला होता. मला काही आठवत नाही म्हणाला. उरली ती वेचणारी बाई. वकील म्हणाला, "तुला वाचता येत नाही. मग कागदावर काय लिहिलंय ते तुला कसं माहीत?"

"मॅडमनं दोनदा वाचला," ती म्हणाली. "मी खुर्चीवर बसली होती. सांगू का?" आणि तिने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. चाकापासून. काडीपर्यंत आल्यावर तिने कोर्टात हात उभा धरून आठ बोटं मोजून दाखवली. न्यायाधीशांनी लेखनिकाला थांबवलं आणि तिला पाणी द्यायला सांगितलं. त्या व्यापाऱ्याला आणि वैमानिकाला, दोघांनाही शिक्षा झाली. वैमानिकाला दहा वर्षं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर एक म्हातारी एकटी बसली होती. वैमानिकाची आई. गावाकडे शाळेत स्वयंपाक करून तिने पोराला वाढवलं होतं. तिला मराठी येत नव्हती, हिंदी तुटकी. मॅडम तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तांड्यातल्या बोलीत काहीतरी बोलल्या. त्यांची गोरबोली आणि म्हातारीची मारवाडी, दोघींना एकमेकींचं अर्धंअधिक कळत होतं. मी लांबून पाहत होतो. म्हातारीने एकदम मॅडमचा हात झटकला, उठली आणि चालायला लागली.

"काय सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"खरं ते. तुमच्या पोराले मीच पकडलं म्हून सांगतलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं."

त्यानंतर दोन वर्षांनी मॅडम निवृत्त झाल्या. खुद्द आयुक्त नागपूरहून यवतमाळला आले. तेच, ज्यांनी ताकीद दिली होती. आता भाषणात ते अभिमानाने विमानाची गोष्ट सांगणार होते. हॉल भरला, शाल आणली, हार आला. अकरा वाजले. मॅडमच नाहीत. मी फोन लावला.

"भाऊ, मी नागपूरले आहे," त्या म्हणाल्या. मागे गर्दीचा आवाज होता. "आज तुरुंगात मुलाखतीचा वार आहे. त्या पोराची आई आली आहे. तिले इथलं काई समजत नाही, फॉर्म भरून द्या लागते. माझा रजेचा अर्ज तुमच्या टेबलावर ठेवला आहे."

मी आयुक्तांना सांगितलं. ते म्हणाले, "किती दिवसांपासून जातात त्या?" मला माहीत नव्हतं. ड्रायव्हरला माहीत होतं. मागे उभा राहून तो म्हणाला, "दीड वर्ष झालं, साहेब. सहा महिने म्हातारी बोललीच नाही. मग एकदा तिनंच फोन केला, का आत जायले कागद कोणता लागते म्हून."

आयुक्तांनी मला शाल दिली आणि गाडी घेऊन जायला सांगितलं. मी नागपूरला पोचलो तेव्हा मुलाखत आटोपली होती. दोघी रेल्वे स्टेशनवर होत्या, म्हातारीच्या गाडीची वाट बघत. बाकड्यावर एकाच कागदावर पुऱ्या ठेवून खात होत्या. मॅडमनी मला पाहून बाकड्यावर जागा केली आणि एक पुरी पुढे केली. पोरगा आत इतर कैद्यांना इंग्रजी शिकवतो, असं म्हातारी सांगत होती. मॅडम मान डोलावत ऐकत होत्या.

गाडी लागली. म्हातारी डब्यात चढली, खिडकीशी बसली आणि काहीतरी विचारलं. मला अर्धंच कळलं. पुढच्या खेपेला तुम्हाला सुट्टी मिळेल का, असं ती विचारत होती.

मॅडमनी खिडकीच्या गजांवर हात ठेवला. "आता मले कोनाची सुट्टी मागा लागत नाही, याडी," त्या म्हणाल्या. याडी म्हणजे आई. "तुमी कधीबी या."